गालातली हवा

आरोग्य केंद्रात शुक्रवारी पूर्वी लसीची रांग लागायची, आता फुंकणीची लागते. यंत्राचं सरकारी नाव चांगलं लांबलचक होतं; गावानं ते आठवडाभरात मोडीत काढून 'फुंकणी' केलं. नळीतून हवा ओढायची, दम रोखायचा, मग सोडायची. त्या हवेत नॅनोकण असतात, साध्या धुळीहून कितीतरी बारीक. फुप्फुसातले हवेचे कप्पे निरोगी म्हणजे अरुंद असले, तर पुष्कळ कण आतच चिकटून राहतात. कप्पे फाटून ऐसपैस झाले, की कण तसेच बाहेर येतात. यंत्र तेवढे मोजतं.

रामलिंग गुरवांचे जवळजवळ सगळे कण परत आले.

"म्हणजे चांगलंच की, डॉक्टरबाई. पाहुणे आले तसे गेले."

डॉक्टर आसावरी हसल्या नाहीत. "जितके जास्त परत, तितकं फुप्फुस खराब, काका. आता सनईवर सूर धरणं बंद."

देवळाच्या चौघड्यात रामलिंगांची नात कस्तुरी सनई वाजवायची आणि ते मागे एकच सूर धरून बसायचे, क्षणभरही न तोडता. पुढच्या महिन्यात मिरजेला तिची पहिली बैठक होती. आपल्याशिवाय हिच्यामागे कोण बसणार, हेच त्यांच्या डोक्यात घोळू लागलं.

शेजारी उभी कस्तुरी मात्र त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. "आबा, परत फुंका बरं."

त्यांनी फुंकलं.

"बघा डॉक्टर, गाल फुगलेत. हे इथंही सूरच धरतायत."

सूर धरणारा गालात हवा साठवतो. ती बाहेर जाईपर्यंत नाकानं नवी घेतो, म्हणून सूर तुटत नाही. जन्माची सवय ती. यंत्रानं मोजली ती गालातली हवा, फुप्फुसापर्यंत न पोचलेली.

तिसऱ्या वेळी कस्तुरीनं तान्ह्या पोराचे धरावेत तसे त्यांचे गाल दाबून धरले. कण बरेच आत राहिले. डॉक्टरांचा चेहरा सैलावला, पण पुरता नाही.

"सूर धरा खुशाल. पण तळाचे कप्पे थोडे रुंदावलेत. खोकला सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधी हे यंत्राला दिसतं. धुरात बसता का तुम्ही?"

चौघड्याच्या खोलीत देवापुढे कायम ऊद जळत असे. वाऱ्यानं सनईच्या तोंडाची पत्ती वाळते, म्हणून तिथली एकुलती खिडकी रामलिंगांनीच खिळे ठोकून बंद केली होती.

"खिडकी आजच उघडतो," ते म्हणाले. सूर वाचला होता. त्यांना हायसं वाटलं, अगदी रडू यावं इतकं.

मग त्यांनी वळून पाहिलं. लहानपणापासून त्याच खोलीत, त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसलेल्या कस्तुरीनं स्वतःसाठी नळीला तोंडात धरायचं नवं टोक बसवलं होतं. नळी हिसकावून घ्यावी असं त्यांना वाटलं. हिनं लवकर फुंकावं, असंही वाटलं.

"आबा, माझेही गाल धरा."

त्यांनी धरले. कस्तुरीनं खोल हवा ओढली आणि डोळे मिटून दम रोखला. आता किती कण परत येणार होते?