पणजीचं दुपटं आणि नकट्या

आमच्या बाळाच्या पाळण्याजवळ आला की नकट्या बोंब ठोकायचा. "वायुगळती! लांब व्हा!" असं खणखणीत ओरडायचा आणि डोक्यावरचा लाल दिवा गरगर फिरवायचा. आता तुम्हीच सांगा, एवढ्याशा बाळातून कुठला वायू गळणार? मला एक उत्तर सुचलं होतं, पण ते बोलल्यावर आजीने डोळेच वटारले.

नकट्या हा रोबो. आम्ही मालवणच्या किनाऱ्यापासून लांब, भर समुद्रात राहतो. इथे उंच पवनचक्क्या आहेत आणि मधोमध खांबांवर उभी आमची वस्ती. आई आणि बाबा चक्क्यांची दुरुस्ती करतात. नकट्याचं काम म्हणजे वस्तीभर फिरायचं आणि कुठे तेलाची वाफ किंवा वायू गळतोय का ते हुंगायचं. त्याला नाक नाही, छातीवर नुसती जाळी आहे, म्हणून त्याचं नाव नकट्या. आजीला तो डोळ्यांसमोर नको असायचा. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण हा नकट्या दुसऱ्याच्या घरी विघ्नं घेऊन येतो, असं ती म्हणायची.

आजी म्हणजे आईची आई. बाळंतपणासाठी ती खास मालवणहून आली होती, आणि येताना तिने तिची पत्र्याची ट्रंक आणली होती. बाळ दवाखान्यातून घरी आलं तशी तिने ट्रंक उघडून तळातलं दुपटं काढलं. माझ्या पणजीच्या जुन्या लुगड्याचं ते दुपटं. नव्या बाळाला कोरं कापड लावायचं नाही, घरातल्या दीर्घायुषी माणसाच्या वापरलेल्या कापडात गुंडाळायचं, ही आमच्याकडची रीत. पणजी नव्वदी ओलांडून गेली, तेव्हा तिचं आयुष्य बाळाला लाभावं. आईला त्याच दुपट्यात गुंडाळलं होतं, मलाही. आजी रोज बाळाला तेल चोळून न्हाऊ घालायची, वर पुन्हा तेलाचा हात फिरवायची आणि तसंच दुपट्यात गुंडाळायची.

पाचवीच्या संध्याकाळी आजीने पूजा मांडली. पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं. त्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते, असं मानतात. पाया पडवायला आजीने बाळाला उचललं, त्याचे तळवे पाहिले आणि पुन्हा उजेडात धरून पाहिले. तोंडाबरोबर आता तळवेसुद्धा हळदीसारखे पिवळे झाले होते.

"माझ्या बाबूचे असेच झाले होते," एवढंच ती म्हणाली.

मला तेव्हाच कळलं की आईला एक मोठा भाऊ होता. बारशाआधीच तो काविळीने गेला. सटवाईने तेवढंच लिहिलं होतं, असं सगळ्यांनी आजीला सांगितलं आणि तिने ते मानून घेतलं.

आम्ही बाळाला घेऊन तडक दवाखान्यात गेलो. आमच्या डॉक्टर हंसा वाळिंबे एरवी फार बडबड्या, पण बाळाला पाहून त्या एकदम कमी बोलायला लागल्या. त्यांनी त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलं. मी काचेला नाक लावून उभी राहिले आणि विचारलं, की बाळं पिवळी का होतात?

त्यांनी नीट समजावून सांगितलं. आपल्या रक्तात तांबड्या पेशी (प्राणवायू वाहून नेणारे बारीक कण) असतात. त्या जुन्या झाल्या की मोडतात आणि त्यांतून बिलिरुबिन (एक पिवळा पदार्थ) तयार होतं. ते बाहेर टाकायचं काम यकृताचं. पण बाळ पोटात असतं तेव्हा त्याचं यकृत हे काम फारसं करतच नाही. बाळाचं बिलिरुबिन वारेतून (आईच्या आणि बाळाच्या रक्तात देवाणघेवाण करणारा अवयव) आईकडे जातं आणि आईचं यकृत ते साफ करतं. जन्मल्यावर नाळ कापली की बाळाला हे काम स्वतः करावं लागतं, आणि शिकायला त्याला थोडे दिवस लागतात. म्हणून पुष्कळ बाळं जरा पिवळी दिसतात आणि आपोआप बरी होतात. निळ्या उजेडाने बिलिरुबिनचं रूप पालटतं आणि ते शी-शूमधून निघून जातं.

हे ऐकून मी आईकडे पाहिलं. म्हणजे नऊ महिने ती स्वतःबरोबर त्याचाही कचरा काढत होती, आणि माझ्या वेळी माझा. आणि मला माझी खोली आवरायला सांगितली तरी मी कुरकुर करते.

पण आमच्या बाळाच्या बिलिरुबिनचा आकडा उतरेना. दिव्याखाली असूनही दुसऱ्या दिवशी तो वाढलाच. त्याच्या तांबड्या पेशी भराभर मोडत होत्या, आणि का ते कळत नव्हतं. टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब तपासणीसाठी किनाऱ्यावर गेला होता, पण वादळ सुटलं, संपर्काच्या यंत्रणा बंद पडल्या आणि अहवाल आलाच नाही. डॉक्टरांनी आईपासून काही लपवलं नाही. आकडा आणखी चढला तर ते बिलिरुबिन मेंदूत उतरेल, बाळाचं ऐकू येणं जाईल, कदाचित जीवही. ते टाळायचं तर सगळं रक्त बदलावं लागेल, आणि ती सोय इथे नाही. हेलिकॉप्टर उडण्यासारखी हवा नव्हती. बाबा दूरच्या चक्कीवर अडकले होते. मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती.

तेवढ्यात नकट्या दवाखान्यात शिरला आणि पुन्हा बोंबलू लागला. बाळ तेव्हा दूध प्यायला, दुपट्यात गुंडाळलेलं, आईच्या मांडीवर होतं. आजी त्याला हाकलायला उठली. पण माझ्या मनात आलं, मघाशी बाळ दिव्याखाली होतं तेव्हा हा जवळून गेला, तेव्हा का नाही ओरडला?

मी आजीला थांबवलं. आईला बाळ घेऊन पलीकडे जायला सांगितलं आणि नकट्याला तिच्यामागे पाठवलं. तो ओरडला. मग दुपटं काढून घेतलं आणि बाळाला नुसतंच त्याच्यासमोर धरलं. त्याचा दिवा अगदीच मंद लुकलुकला. मग मी ते दुपटं एकटंच खुर्चीवर ठेवलं. नकट्या त्याच्यासमोर गेला आणि त्याने दवाखाना डोक्यावर घेतला.

डॉक्टर धावत आल्या. त्यांनी दुपटं नाकाशी नेलं आणि आजीला विचारलं, की हे कशात ठेवलं होतं?

"डांबरगोळ्यांत," आजी म्हणाली. "कसर लागू नये म्हणून. मूठभर टाकते दरवर्षी."

खरं तर तो वास आम्हा सगळ्यांनाच येत होता. पण इथल्या दमट हवेत घरोघरी कपाटांत डांबरगोळ्या असतात. त्या वासाकडे लक्ष कोण देतो? नकट्याने दिलं, कारण वासाची सवय होणं त्याला जमतच नाही.

डॉक्टरांनी भराभर हुकूम सोडले. दुपटं बाहेर गेलं, बाळाचं अंग साबणाने हलकेच पुसून तेल काढलं, कारण तेलकट कातडीतून डांबरगोळ्यांची वाफ जास्त शिरते. मग पुन्हा निळा दिवा. त्या दिवशी कोणी धड जेवलं नाही. दुसऱ्या सकाळी आकडा वाढायचा थांबला होता, आणि त्यानंतर तो उतरू लागला. आई रडली, मीही रडले, आणि सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही.

वादळ शमल्यावर अहवाल आला. बाळाला जी-सिक्स-पीडी या विकराची (पेशीतलं एक ठरावीक काम उरकणारा पदार्थ) कमतरता होती. हा विकर तांबड्या पेशींना सांभाळतो. तो कमी असेल तर एरवी काही बिघडत नाही, पण डांबरगोळ्या, काही औषधं अशा गोष्टी अंगात गेल्या की पेशी फटाफट फुटतात.

मग मला का काही झालं नाही, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, हा विकर बनवायची सूचना, म्हणजे जनुक, एक्स गुणसूत्रावर (आईवडिलांकडून आलेल्या सूचनांचा धागा) असते. मुलीला दोन एक्स मिळतात, एक आईचा, एक बाबांचा. जशा घराच्या दोन किल्ल्या. एक गंजकी निघाली तरी बहुतेक वेळा दुसरीने कुलूप उघडतं. मुलाला एक्स एकच, तोही आईकडून. बाबांकडून त्याला वाय मिळतो, आणि त्यात ही किल्ली नसतेच. आजीकडे आणि आईकडे एक चांगली आणि एक गंजकी होती. बाबूमामाला आणि बाळाला नेमकी गंजकी मिळाली.

"म्हणजे माझ्यामुळेच," आई पुटपुटली.

"किल्ली निवडून देता येत नाही हो," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या हातात होतं ते तुम्ही नऊ महिने केलंत."

आजी मात्र कोपऱ्यात बसली होती. बाबूलाही त्याच दुपट्यात गुंडाळलं होतं, हे तिने कोणी न विचारता सांगितलं. आयुष्य लाभावं म्हणून गुंडाळलं होतं, असं म्हणून तिने पदर तोंडाला लावला. आई तिच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "आई, तुला तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं. आज ओरडून सांगणारा होता." आजी कितीतरी वेळ तिचा हात धरून बसली.

माझ्याकडेही एक गंजकी किल्ली असू शकते. मोठी झाले की मी तपासून घेणार आहे, म्हणजे मला बाळ होईल तेव्हा पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक असेल. आमच्या बाळाला तर फक्त काही गोष्टी टाळायच्या आहेत. बाकी तो खेळेल, पोहेल, चक्क्यांवर चढेल आणि मला छळेलही.

बारशाला बाबा आले, आत्या आली, शेजारीपाजारी आले. आजीने स्वतःच्या वापरातल्या मऊ सुती साडीचं दुपटं शिवलं होतं, दोनदा धुऊन उन्हात वाळवलेलं. पण ते पाळण्यात घालायच्या आधी ती नकट्यासमोर गेली. त्याच्या जाळीच्या वर तिने कुंकवाचं बोट टेकवलं, निरांजनाने त्याला ओवाळलं आणि दुपटं त्याच्यापुढे धरलं.

"हुंग रे बाळा," ती म्हणाली.

नकट्याने हुंगलं. दिवा लागला नाही, आवाज आला नाही. तो हळूच मागे सरकला आणि पाळण्याशेजारी जाऊन उभा राहिला.

नाव ठेवायचा मान आत्याचा. पण आत्या आजीला म्हणाली, की या वेळी तुम्हीच ठेवा. आजीने बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हटलं, "श्रीरंग."

आई चमकली. हे नाव तिने आजीच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं. बाबूचं बारसं व्हायचं होतं ना, त्यासाठी आजीने ते निवडून ठेवलं होतं, आणि इतक्या वर्षांत कोणापाशी उच्चारलं नव्हतं.