पंचेचाळीस लिटर

घरपोच पेट्रोल म्हणजे काय चैन असते, ते मला विचारा. पंपावर रांगेत ताटकळायचा लोकांना कंटाळा. मग माझा छोटा टँकर त्यांच्या दारात जायचा. त्यांनी टाकीचं झाकण तेवढं उघडं ठेवायचं, मी पेट्रोल भरून निघून यायचं. कित्येक गिऱ्हाइकांची मी तोंडंसुद्धा पाहिली नव्हती. हसू नका, आमच्या धंद्याची तीच तर गंमत होती.

एका घराच्या गॅरेजमधल्या गाडीसाठी दर मंगळवारी दुपारी चारची ऑर्डर आपोआप लागायची. आधी दहा लिटर, मग वीस, मग तीस. दर वेळी टाकी कोरडीठाक. एकदा सहज वाकून बघितलं, तर चारही टायर बसलेले, चाकांना जळमटं. खाली गळतीचा एक डाग नाही. मग एवढं पेट्रोल जात कुठे होतं?

"दादा, नका भरू…"

दचकून मागे पाहिलं. घरमालकीण होती. शिवणकाम करायची, मापाची टेप गळ्यात तशीच होती. म्हणाली, "आमचे हे जाऊन वर्ष झालं. ऑर्डर त्यांनीच लावून ठेवलेली. मी बंद करते, ती पुन्हा सुरू होते."

"अहो, पण ही गाडी तर हलतसुद्धा नाही!"

"गाडी नाही हलत. तुम्ही भरून गेलात की माझी पोर येऊन मागच्या सीटवर बसते. मी बघायला येते तर… नसते. पेट्रोल संपलं की परत येते. म्हणते, बाबांचं घर लांब आहे, पेट्रोल पुरत नाही. पंचेचाळीस लागेल म्हणाले…"

बोलता बोलता तिला रडू फुटलं. मला भडभडून आलं हो. म्हटलं, "ताई, माझा शब्द. एक थेंब घालणार नाही."

पुढच्या सोमवारी ऑर्डर आली. पंचेचाळीस. ज्या ॲपवरून ऑर्डरी यायच्या, त्यांच्या ऑफिसात भांडून ती रद्द करून घेतली. मंगळवारी टँकरला कुलूप, नळीला कुलूप, किल्ल्या खिशात. आणि बसने तिच्याकडे गेलो. आतल्या खोलीत आईने पोरीला मांडीवर घट्ट कवटाळलं होतं. सात वर्षांची पोर, शहाण्यासारखी गप्प बसलेली. मी गॅरेजमध्ये टाकीचं झाकण दोन्ही हातांनी दाबून उभा राहिलो. लख्ख ऊन होतं, शेजारी कुणाचा तरी रेडिओ चालला होता.

बरोबर चारला झाकणाखाली बुडबुड सुरू झाली…

पेट्रोल भरताना येतो, तोच आवाज. मी अंगातलं सगळं बळ लावून दाबलं, ओरडलो, तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. काय उपयोग? आवाज चढत गेला आणि थांबला. लगेच फोनवर मेसेज आला: पंचेचाळीस लिटर भरले.

आत बाई किंचाळली. धावत गेलो. तिचे हात तसेच कवटाळलेले होते. मधे कुणी नव्हतं.

रात्र झाली, आठवडा गेला, पोर आली नाही. पोलीस येऊन गेले. माझ्या कुलूपबंद टँकरमध्ये पंचेचाळीस लिटर कमी भरलं. मी धंदाच बंद केला, टँकर भंगारात घातला.

परवा त्या बाईने मला बोलावून फोन दाखवला. नवी ऑर्डर होती. पन्नास लिटर. खाली सूचना: आईला पण घेतोय.

"ताई, आजच्या आज हे घर सोडा," मी म्हटलं. हात जोडले. तिने ऐकलंच नाही जणू. पोरीचा फ्रॉक इस्त्री करत होती, तो घडी करून बाजूला ठेवला आणि हळूच म्हणाली, "दादा… मंगळवारीच ना?"

आज मंगळवार. चार कधीच वाजून गेले. तिचा फोन लागत नाही. सकाळपासून मी इथे तुमच्यासमोर बसलोय, जागचा हललो का? तुम्हीच सांगा.

मग जरा माझ्या हातांचा वास घेऊन बघा…