टेस्ट मेल

"ओ, चपला बाहेर!"

"बाहेरच हायेत, मॅडम. हे मोजे हायेत."

धुळीनं माखलेले ते मोजे बघून मला हसू फुटलं... आणि तिथंच मी फसले.

सोनईचा गोरक्ष. नगरच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर दुरुस्तीला आलेला. मी जयमाला, तिथली लॅब सांभाळायची. साल अठ्ठ्याण्णव. पडद्यावरच्या ईमेल पत्त्यावर क्लिक केलं की मेलचा रंगीत प्रोग्राम उघडायचा आणि आमची जुनी मशीनं मान टाकायची.

"त्याच्या जागी पाइन नावाचा मेलचा साधा प्रोग्राम उघडंल असं करतो," तो म्हणाला. "नुसता काळा पडदा, पांढरी अक्षरं. पन लई चपळ."

"म्हणजे दिसायला तुमच्यासारखाच."

"काळा?"

"साधा हो..."

गड्याचे कान लाल झाले.

त्या कामासाठी तो आठवडाभर येत राहिला. एवढा वेळ लागत नसतो, हे मलाही कळत होतं. मी चहा सांगायची. तो माझ्याकडं बघत भलतीच बटणं दाबायचा. लवकरच तो नोकरीसाठी बंगळूरला जाणार होता. त्याआधी त्यानं मला लग्नाचं विचारावं, एवढंच मला हवं होतं.

एका दुपारी जमलं. त्याच्या पत्त्यावर क्लिक केलं — काळी खिडकी उघडली.

"टेस्ट मेल टाका की," शेजारच्या मशीनवरून तो म्हणाला.

वाट बघून मी कंटाळले होते. इंग्रजी अक्षरांत लिहिलं — 'माझ्याशी लग्न कराल?' पाठवलं.

त्यानं वाचलं. मग बराच वेळ त्याचा कीबोर्ड वाजत राहिला. हाताच्या अंतरावर बसून हा माणूस मला मेल लिहीत होता!

'तुमी मला लई आवडता. पण तुमी बौद्ध, आमी मराठे. आई जीव देईल. बंगळूरहून रोज मेल करीन. कुणाला कळणार न्हाई.'

रडू आलं, पण राग त्याहून मोठा होता.

"गोरक्ष, तोंडानं सांगा."

"आमच्या घरी न्हाई चालायचं..."

"घरी विचारलंत?"

त्यानं मान खाली घातली. "न्हाई."

"मग आईला कशाला मधे घालता? मला चारचौघांदेखत दारातून येणारा माणूस पाहिजे होता."

तो उठला. "उद्या येऊ का? थोडं काम ऱ्हायलंय..."

"काम झालंय."

तो गेला. मी हाक मारली नाही. मारली असती तर तो आला असता, आणि जन्मभर असाच लपूनछपून येत राहिला असता.