न मोडलेला बिल्ला

"दोनशे जुने शिपाई जमायचेत आणि बटाट्याच्या सलाडात काकडीचा पत्ता नाही," आल्विन पुटपुटला.

"तू जेवायला आलायस की गाडी चालवायला?" ओटीली क्रान्झनं विचारलं.

"दोन्हीला, वहिनी."

ओटीली जर्मनीतल्या कासेल शहरातली खासगी गुप्तहेर. आल्विन तिच्या युद्धात गेलेल्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. पदार्थ त्याला लगेच ओळखू येत, माणसं जरा उशिरानं.

युद्ध संपून बारा वर्षं झाली होती. नदीकाठच्या या खानावळीत उद्या त्या शिपायांच्या इन्फंट्री डिव्हिजनचा मेळावा होता. डिव्हिजनचा इतिहासही उद्याच बाहेर येणार होता. पोलंड, फ्रान्स, रशिया आणि शेवटची लढाई खानावळीबाहेरच्याच नदीवरच्या पुलाची. तीनशे पानं, आणि त्यांत कुणाचं काही चुकलं असं एकही पान नाही.

ज्या बाईनं ओटीलीला बोलावलं, ती लिझबेथ विगर, रिकाम्या काचपेटीपुढे उभी होती. शिवणकाम करणारी, चाळिशीची बाई. टेप अजून गळ्यातच होता.

"सकाळी ठेवला, दुपारी नाही," ती म्हणाली. "शेजारी लोखंडी क्रॉसची पदकं आहेत, त्यांना हात लावलेला नाही. माझ्या नवऱ्याचा जस्ताचा ओळखबिल्ला तेवढा नेला."

"कसा होता?"

"लांबट गोल. मध्ये आडवी फटींची रेघ. वर जे आकडे, तेच खाली. झोप आली नाही की रेघेवरून बोट फिरवते मी." तिनं टेप मुठीत गुंडाळला. "हेर्बर्टचं दुसरं काही नाही माझ्याकडे. पुस्तकात लिहिलंय, तो पुलावर पडला आणि सोबत्यांनी त्याला एल्मच्या झाडाखाली पुरलं. मागे मी तिथं खणून पाहिलं. नुसती मुळं निघाली. उद्या मी त्याच झाडाला पुष्पचक्र वाहायचंय."

ओटीली मागे वळून म्हणाली, "आल्विन, तुझ्या दादाचा बिल्ला घरी कसा आला होता?"

"अर्धा. सगळ्यांचा तसाच येतो. माणूस गेला की रेघेवर मोडायचा. अर्धा त्याच्या गळ्यात, अर्धा कचेरीत आणि तिथून घरी. प्रत्येक शिपायाला हे पाठ असतं."

"प्रत्येक शिपायाला," ओटीली म्हणाली.

खानावळीचा मालक क्नोप डिव्हिजनचा स्वयंपाकी होता. पेटीची किल्ली त्याच्या गल्ल्यामागच्या खिळ्यावर असे.

"किल्ली कोण घेतं बघायला मला वेळ कुठंय, बाई? सकाळपासून मी आणि पाद्रीबाबा, दोघंच आत-बाहेर करतोय. ते फुलं लावतायत."

"अर्धा बिल्ला नेऊन कुणाला काय मिळणार?" ओटीलीनं सहज विचारलं.

पेला पुसणारं क्नोपचं फडकं थांबलं. "अर्धा नव्हता. अख्खा होता. काच पुसताना पाहिला मी."

"मग कुणाला बोलला नाहीत?"

"माझं काम रश्श्याचं," क्नोप म्हणाला आणि त्याच पेल्यावर पुन्हा फडकं फिरवू लागला.

मेजर एगेब्रेख्ट अंगातला ओला कोट काढत होते. पुस्तक त्यांनीच लिहिलेलं.

"आत्ता गाडीतून उतरतोय, बाई. माझं तर अजून सामानही स्टेशनवर आहे."

"विगरचा अर्धा बिल्ला चोरीला गेलाय."

"अरेरे. दुसरा अर्धा त्याच्यापाशी आहे, एवढंच समाधान. पान दोनशे ऐंशी पाहा."

बाहेर आल्यावर आल्विन कुजबुजला, "हाच, वहिनी. किती गुळगुळीत बोलतो."

"गुळगुळीत आहे खरा. पण चोरी झाली तेव्हा तो गाडीत होता."

पाद्री झीबर्ट फुलदाणीत पांढरी फुलं खोचत होते. युद्धात ते डिव्हिजनसोबत होते, आणि हेर्बर्टचा बिल्ला लिझबेथला त्यांनीच आणून दिला होता.

"तो अर्धा बिल्ला तुम्हीच आणलात ना, बाबा?"

"हो. तो अर्धा, मीच." फुलाचा देठ त्यांच्या हातात मोडला. "बिचारी लिझबेथ."

ओटीलीनं सगळ्यांना एका टेबलाशी बसवलं. बाहेर पोरं झेंडे लावत होती.

"लिझबेथबाई, बिल्ला मिळेल," ती म्हणाली. "पण तो का नेला हे ऐकल्यावर उद्या त्या झाडापाशी तुम्हाला उभं राहवेल की नाही, मला सांगता येत नाही. थांबू का?"

लिझबेथनं खुर्ची पुढे ओढली. "बोला," ती म्हणाली.

"मी तिघांनाही मुद्दाम अर्धा म्हटलं. मेजरसाहेबांनी पेटी पाहिलीच नव्हती, त्यांनी पुस्तकातलं सांगितलं. क्नोपनं पाहिला होता, त्यानं मला दुरुस्त केलं. चोरानं तसं केलं नसतं. पण ज्यांनी तो स्वतःच्या हातानं या बाईला दिला, त्यांनी होला हो केलं. तो अख्खा होता हे त्यांच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक होतं?"

झीबर्टनी खिशातून बिल्ला काढला आणि टेबलावर ठेवला.

"पण बाबा कशाला चोरतील?" आल्विननं विचारलं.

"उद्या दोनशे शिपाई ही पेटी पाहणार होते. सोबत्यांनी पुरलेल्या माणसाचा बिल्ला अख्खा घरी येत नाही, आल्विन. हा बिल्ला माणूस जिवंत असताना गळ्यातून निघालाय."

लिझबेथनं बिल्ल्याला हात लावला नाही. "मग हेर्बर्ट गेला कसा?"

"ते दिवसच तसे होते," मेजर म्हणाले. "शिस्तीचा प्रश्न होता. आणि पान छापून झालंय."

"क्नोप?" ओटीलीनं विचारलं.

क्नोप टेबलाच्या लाकडाकडे बघत राहिला. "मी मागं होतो, चुलीपाशी. आवाज तेवढा ऐकला."

"कसला आवाज?"

आल्विननं हातातला काटा हळूच खाली ठेवला.

"त्यानं तो स्वतः काढून दिला," झीबर्ट म्हणाले. "म्हणाला, लिझबेथला द्या. मोडायचं मला सुचलंच नाही."

"झीबर्ट, पुरे," मेजर म्हणाले.

"पुलावर नाही, लिझबेथ. एल्मखालीही नाही. गावातल्या शाळेमागच्या भिंतीशी आहे तो. घरी निघाला होता, तुझ्याकडे. आपल्याच लोकांनी त्याला पकडून आणलं, आणि आपणच गोळ्या घातल्या त्याला."