जावयाचं पहिलं हरीण

ते दार नीट लाव रे कोडी, वारा येतोय. आणि चुलीत अजून एक लाकूड सरकव. हं. आता बसा दोघं. उद्या पहाटे तुम्ही पहिल्यांदा मचाणावर चढणार, म्हणून सांगून ठेवतो. घाबरवायचं म्हणून नाही. घाबरलात तरी माझी काही हरकत नाही.

व्हर्नर सालो तुम्हाला माहीत आहे. माझ्या घराच्या पलीकडचं हिरव्या पत्र्याचं घर ज्याचं, तोच. हे त्याच्या बाबतीत घडलं. त्यानं मला एकदाच सांगितलं. पुन्हा विषय काढला की उठून जातो, म्हणून त्याला विचारायला जाऊ नका.

चार वर्षं झाली. नोव्हेंबरची सोळा तारीख, शिकारीच्या हंगामाचा दुसरा दिवस. दुपारी जेवून व्हर्नर गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेला होता. कशाला, तर नारिंगी फितीचं एक रीळ आणायला. हरणाला गोळी लागली आणि ते पळालं, तर जिथंजिथं रक्त दिसेल तिथं फांदीला फीत बांधत जायची. म्हणजे मागे वळून पाहिलं की वाट दिसते. घरातलं रीळ संपलं होतं, आणि जावयाच्या हातात नवं कोरं रीळ द्यायचं त्याच्या मनात होतं.

हा जावई डेरिक. आयरिसचा नवरा. मोठ्या पुलाच्या पलीकडचा, दक्षिणेकडचा, म्हणजे आपल्या भाषेत पुलाखालचा. पुलाखालच्या माणसाला आपल्याकडे किती मान मिळतो ते तुम्हाला सांगायला नको. दर नोव्हेंबरात सगळे पुरुष रानात, आणि हा बायकांबरोबर बटाटे सोलत बसलेला. "जावई मिळाला तोही दुकानातलं मांस खाणारा," असं व्हर्नर चारचौघांत म्हणायचा. पोरगा हसून घ्यायचा, पण त्याला ते लागत होतं. त्या वर्षी त्यानं परवाना काढला, बंदुकीचा वर्ग केला, नवी नारिंगी बंडी घेतली आणि सासऱ्यासमोर येऊन उभा राहिला. "पप्पा, मला शिकवा."

व्हर्नर वरून नाक मुरडत होता, पण आतून खूश झाला होता. त्याला मुलगा नाही. मनापासून शिकवलं त्यानं. वारा कुठून येतो ते बघ. खांद्याच्या मागे नेम धर, मानेवर नको. आणि गोळी लागली की खाली उतरायचं नाही. अर्धा तास गप बसायचं. जखमी हरणाच्या मागे लगेच गेलास तर ते जीव खाऊन दलदलीत पळतं. त्याला वाटलं पाहिजे मागे कोणी नाही, मग ते जवळच बसतं आणि शांतपणे मरतं. "रानात मी पुढं, तू मागं. मी करीन तसं करायचं, डोकं चालवायचं नाही," असंही त्यानं बजावलं होतं.

आणि थट्टा? ती तर सगळ्यांनी केली, मीही होतो त्यात. रानात काळ्या लेंड्या पडलेल्या होत्या. व्हर्नर गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "चाखून बघ, हरीण कधी गेलं ते चवीवरून कळतं." पोरानं खरंच तोंडात घातली! आम्ही पोट धरून हसलो. पहिल्या दिवशी सकाळी व्हर्नरनं वॉकीटॉकीवर सांगितलं, "हलू नकोस, तुझ्या झाडाखाली अस्वल आहे." पोरगा दुपारपर्यंत मचाणावर पुतळा होऊन बसला. लघवीलाही उतरला नाही. नव्या माणसाचं असंच करतात, आमचंही असंच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी निघताना आयरिस ओसरीवर आली. सहावा महिना होता तिला. म्हणाली, "पप्पा, हरीण नाही मिळालं तरी चालेल. याला तेवढा वेळेवर घरी आणा." व्हर्नर म्हणाला, "आणतो गं बाई. तुझा नवरा काय मी विकून खाणार आहे?"

असे ते गेले. डेरिक देवदारांच्या दलदलीच्या अलीकडे, मोठ्या मचाणावर. व्हर्नर तिथून वीसेक मिनिटांच्या वाटेवर, टेकडीच्या कडेला. तिथं फोन लागत नाही, म्हणून दोघांकडे वॉकीटॉकी.

सूर्य मावळला आणि उजेड संपता संपता एक बार ऐकू आला. एकच. लगेच वॉकीटॉकी किंचाळली.

"पप्पा! लागली! मोठा नर आहे! खांद्याच्या मागेच लागली!"

व्हर्नरचा ऊर भरून आला. मला त्यानं तसंच सांगितलं, ऊर भरून आला म्हणून. "शाबास रे माझ्या वाघा. आता गप बस. उतरायचं नाही. मी येतो."

"बर्फ पडायला लागलंय पप्पा. रक्त झाकलं जाईल."

"जाऊ दे झाकलं तर. मी आल्याशिवाय उतरायचं नाही."

"नाही उतरत."

व्हर्नर भराभर निघाला. बर्फ भुरभुरत होतं, वारा पडला होता. मचाणाशी पोचला तेव्हा पूर्ण अंधार झाला होता. त्यानं टॉर्च वर मारला.

मचाण रिकामं.

शिडीपासून थोड्या अंतरावर पहिलं रक्त, आणि वरच्या फांदीला नारिंगी फीत. ढिली गाठ. जावयाचीच. व्हर्नरनं एक शिवी हासडली आणि वॉकीटॉकी तोंडाशी धरली.

"काय सांगितलं होतं तुला? कुठं आहेस?"

"तुमच्या मागेच तर आहे."

व्हर्नरनं वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"माझ्या मागे कुठं?"

"अहो, जरा हळू चाला ना. तुमची टोपी तेवढी दिसते, मग नाहीशी होते." त्याला धाप लागली होती, पण आवाज आनंदी होता. "रक्त मस्त सापडतंय तुम्हाला. आता मी फीत काढेपर्यंत तुमची खूण बांधून झालेली असते."



"डेरिक. तू खाली का उतरलास?"

"आता हे काय? तुम्हीच खालून हात केलात की. चल म्हणून."

"मी आत्ता मचाणाशी आलोय."

...

"डेरिक, ऐक. तो मी नाही. आहेस तिथं थांब."

खरखर. मग हसण्याचा आवाज.

"काल अस्वल, आज भूत. पुरे की पप्पा आता. मी मारलं ना हरीण? आता तरी पुरे."

मी सांगतो तुम्हाला, व्हर्नर रडकुंडीला आला. त्यानं देवाची शपथ घेतली. आयरिसची घेतली. तो जेवढा गयावया करत होता, तेवढा पोरगा हसत होता. त्याचं तरी काय चुकलं? आम्ही त्याला तेच शिकवलं होतं.

व्हर्नर पळत सुटला. एक फीत, दुसरी, तिसरी. सगळ्या नारिंगी, सगळ्या ढिल्या. मग दलदल लागली. देवदार एकमेकांना चिकटलेले, अंगावर येणारे. आणि तिथं फिती संपल्या.

तिथून पुढं चिंध्या होत्या.

लाल चौकड्याच्या जाड शर्टाच्या. फिती दुकानात मिळायला लागल्या त्याच्या आधी लोक अंगातला शर्ट फाडून चिंध्या बांधायचे. व्हर्नरच्या बापानं बांधलेल्या त्यानं पाहिल्या होत्या. या तशाच. विरलेल्या, शेवाळ धरलेल्या. एकीला बोट लावलं तर तिचा भुगा झाला. तिच्याखाली बर्फावर रक्त होतं. ताजं. लालभडक.

आणि बुटांचे ठसे एकाच माणसाचे. डेरिकचे.

"डेरिक…"

"सापडलं पप्पा." आता तो हळू बोलत होता. "पडलंय इथं. केवढं मोठं आहे… तुम्ही तर सुरी काढून बसलातसुद्धा."

"मागे फिर. पोरा, मागे फिर."

"हो हो, धरतो." हे तो व्हर्नरला बोलत नव्हता. मग परत वॉकीटॉकीवर, कुजबुजत, "मागची तंगडी धर म्हणून खुणावताय ना? बोलत का नाही?"

तुम्हाला उद्या कळेलच. हरणाचं पोट उघडताना एकानं तंगडी धरावी लागते. ती धरायला माणूस लागतोच.

"धरू नकोस!" व्हर्नर ओरडला. "हात लावू नकोस त्याला!"

"हात किती गार आहेत तुमचे…"

...

"पप्पा."

...

"पप्पा, तुमचा आवाज मागून येतोय."

...

मग काही नाही. खरखरसुद्धा नाही.

व्हर्नर पोचला तेव्हा हरीण तिथं होतं. पोट साफ केलेलं. एका रेषेत, कुठं चुकार कट नाही. आमच्यात असा हात कोणाचाच नव्हता, आणि डेरिकनं तर जन्मात सुरी चालवली नव्हती. आतून अजून वाफ निघत होती. मागच्या बाजूला बर्फात दोन गुडघे टेकल्याच्या खुणा, डेरिकच्या. पोटाच्या बाजूला, जिथं कापणारा बसतो, तिथं बर्फ कोरं होतं. डेरिकचे ठसे तिथवर आले होते. तिथून कुठंच गेले नव्हते.

व्हर्नर रात्रभर तिथंच ओरडत होता. पहाटे आम्ही गेलो तेव्हा त्याचा आवाज गेला होता. कुत्री आणली, विमान फिरवलं. कुत्री हरणापर्यंत जायची आणि पोट जमिनीला टेकून बसायची, पुढं हलायची नाहीत. बर्फ वितळल्यावर पुन्हा शोधलं. एक बटणही मिळालं नाही.

आयरिस बापाला एकदाच म्हणाली, "तुम्ही आणतो म्हणाला होतात." मुलगी झाली तिला. व्हर्नर नातीला बघायला जातो, दारात उभा राहतो आणि परत येतो. घरात बसायचं धाडस होत नाही त्याचं.

नको, कॉफी नको मला. संपतच आलं.

पुढच्या वर्षी सोळा तारखेला रात्रभर बर्फ पडलं. सकाळी आयरिसचा फोन आला व्हर्नरला. कधी नव्हे तो. "या," एवढंच म्हणाली. व्हर्नरला एकट्याला जाववेना, म्हणून मला घेऊन गेला. अंगणात गुडघाभर बर्फ, एक ठसा नाही. ओसरीच्या पायऱ्यांवरचं बर्फही मोडलेलं नव्हतं. आयरिस लेकीला कडेवर घेऊन दारात उभी होती.

ओसरीच्या तुळईला एक नर टांगलेला होता. मोठा. पोट साफ केलेलं, एका रेषेत.

आम्ही दोघांनी तो खाली घेतला. कुठल्या बंदुकीची गोळी आहे ते कळावं म्हणून मी अंगभर चाचपून पाहिलं. मग तंगड्यांपर्यंतची कातडी सोलली आणि आतून पाहिलं. गोळीचं भोक कुठंच नव्हतं. ना बाणाचं, ना दातांचं.

"पप्पा, हे बघा," आयरिस म्हणाली.

मागच्या उजव्या तंगडीवरचे केस खोल दबून गोठले होते. दोन्ही हातांनी कोणीतरी घट्ट धरल्यासारखे. दहाही बोटं मोजता येत होती. आयरिसनं लेकीला खाली ठेवलं, गुडघे टेकले आणि आपले दोन्ही हात त्या वळांवर ठेवले. बराच वेळ ठेवले. व्हर्नर तिला उठवायला वाकला, तर म्हणाली, "थांबा पप्पा. याचे हात अजून गरम आहेत."