तीनशे रुपये, जागच्या जागी

पैसे सापडले, आणि शिरस्तेदार वामनरावांची पंचाईत झाली.

अकोल्याच्या कचेरीत खुशालराव वकिलांविरुद्ध ही तिसरी तक्रार. आधीच्या दोन्ही वेळा वकील पान चघळत सुटले होते. आजही आत शिरताना त्यांनी पट्टेवाल्याला आधी मुंबईचा कापसाचा भाव विचारला, मग खटल्याचं. या वेळी त्यांच्या पेटीतली अशिलाच्या पैशांची पिशवी रिकामी निघणार, असं वामनरावांनी धरूनच ठेवलं होतं. निघाली भरलेली. लाखेचा शिक्का शाबूत. मेजावर ओतली तर मुकुटवाल्या राणीचे रुपये लखलखले. पुरे तीनशे.

तक्रार करणारी गोदाबाई ढिगाकडं बघतच राहिली. गहाण पडलेला भाजीचा मळा सोडवायला तिनं हे पैसे वकिलाकडं ठेवले होते. यंदाच्या गुढीपाडव्याच्या आत ते कोर्टात भरायचे होते. भरले नाहीत. मळा गेला.

"वकीलसाहेब, काहून नाई भरले?"

"बाई अर्जावर अंगठा द्यायलाच आली नाही," खुशालराव न्याय द्यायला बसलेल्या साहेबांकडं वळले. "पैसा तयार होता. माझा काय दोष?"

"आठ खेपा केल्या मी! दरखेपी म्हने, उद्या ये."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. वामनरावांच्या कपाळाची शीर उडू लागली. चिडून त्यांनी पैशांची पावती पुन्हा उचलली. दिवाळी, सन १८६१.

"पिशवीवर शिक्का कुणाचा?"

"माझ्या अंगठीचा."

"मधे कधी उघडली?"

"एकदाही नाही. शपथेवर सांगतो."

"रुपये बाईचेच?"

"तेच! मी काय घरी टांकसाळ काढलीय?"

"तीच तर अडचण झाली." वामनरावांनी एक रुपया साहेबांपुढं ठेवला. "साल वाचावं. अठराशे बासष्ट. मुकुटवाली राणी रुपयावर आली तीच त्या साली. एकसष्टच्या दिवाळीत बांधलेल्या पिशवीत ती शिरली कशी? बाईचे रुपये कापसाच्या सौद्यात गेले होते, साहेब. पाडव्याला मोकळे झाले नाहीत, म्हणून 'उद्या ये'. नंतर सौदा सुटला, नवे रुपये भरले आणि स्वतःच्याच अंगठीनं पुन्हा शिक्का."

खुशालरावांचं पान गालातच थांबलं. "पण आले ना परत? कुणाचं काय बुडालं?"

"मळा," गोदाबाई म्हणाली.

साहेबांनी वकिलांची सनद तिथल्या तिथं काढून घेतली. मळा सोडवायची मुदत मात्र वाढवता येईल, म्हणाले. रीतसर अर्ज हवा. वकिलामार्फत.

गोदाबाईनं पिशवी पदराखाली घेतली. "दुसऱ्या वकिलाले देऊ का आता हे? मी सांगतो, शिरस्तेदारसाहेब. तुमी लिवा."

कचेरीच्या माणसानं कुणाचा अर्ज लिहू नये, हा नियम वामनरावांना आठवला. वैतागले. टाक शाईत बुडवला.

"सांग. मळ्याच्या हद्दी, विहिरीपासून सुरू कर."