तपासणी

हुडकेश्वरच्या आमच्या घरात लाइट गेली की एकच सुख, सासऱ्यांचा टीव्ही बंद पडतो. एरवी त्यांच्या बातम्या पलीकडच्या गल्लीतही ऐकू येतात. त्या रविवारी संध्याकाळी मी आणि माझी मैत्रीण कामिनी स्वयंपाकघरात मेणबत्तीच्या उजेडात मेथी निवडत बसलो होतो. आम्ही दोघी कुहीच्या शाळेत शिकवतो आणि रोज माझ्याच स्कूटीवर जातो.

सासरे, गणपतराव, पुढच्या खोलीत होते. तोंडावर मी त्यांना बाबा म्हणते, मनात मात्र अरेतुरेच करते. या माणसाला दारावरची बेल ऐकू येत नाही. कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. फोनवर नुसतं 'हो हो' करून भलतंच कबूल करून बसतो. चारचौघांत विनोद झाला की बाकीच्यांची तोंडं बघून मागाहून हसतो. कान तपासून घ्या म्हटलं तर म्हणे, आजकालच्या बायकाच तोंडातल्या तोंडात बोलतात. मोठा आला शहाणा. मला तर त्याची कीवही येत नाही.

म्हणून पाठीमागे उभं राहून हळूच शिवी द्यायची, ही माझी रोजची तपासणी. मान कधी वळली नाही.

दिवाळीनंतर शेजारचे रुपराव फाटकापाशी काहीतरी पुटपुटले आणि सासऱ्यांनी आतून लगेच उत्तर दिलं. वर मला ऐकवलं की रुपरावाला नीट बोलता येतं. रुपराव त्याच रात्री झोपेत गेले. संक्रांतीला धुणीभांडी करणाऱ्या मनकर्णाबाईंचा घसा पार बसला होता, तरी त्यांचा शब्द न शब्द सासऱ्यांना कळला. दुसऱ्या दिवशी त्या ट्रकखाली आल्या. योगायोग, दुसरं काय. बहिऱ्या म्हाताऱ्याला कोण घाबरतं?

"आज सकाळी मी नेहमीसारखी मागे उभी राहिले," मी कामिनीला सांगितलं. "म्हटलं, मर ना एकदाचा, बुढ्या. तर त्यानं पेपर खाली ठेवला... वळला... आणि हसला."

"काय म्हणे?"

"म्हणे, आता कशी साफ बोलली वं. ओरडत नको जाऊ, मले ऐकू येऊन राहिलं."

कामिनीचा हात जुडीवरच थांबला. मेथीच्या कडू वासात जळक्या वातीचा वास मिसळला होता. गॅसवर कुकरनं शिट्टी दिली, मग दुसरी. पुढच्या खोलीत काहीच हललं नाही. कामिनी माझ्या कानाशी वाकली. मलाही जेमतेम ऐकू आलं.

"उद्या गाडी नको काढू वं... बसनं जाऊ."

पुढच्या खोलीत खुर्ची करकरली.

"बसनं काहून, कामिनी?" सासऱ्यांचा आवाज आला. तिचं बोलणं त्यांना आजवर एकदाही कळलं नव्हतं. "स्कूटीवरच जा दोघी."

आम्ही दोघींनी एकमेकींचा हात धरला. कुकरची तिसरी शिट्टी घरभर घुमली.

"सोनिका," ते म्हणाले, "भात लावला ना वं? अजून शिट्टी काहून नाही झाली?"